वर्दीवर आहेर चढत नाही

२७ जानेवारी १९७५, सोमवार

काल दिवसभर वर्दीत होतो. पाठ आखडली आहे! सकाळी शाळेचा झेंडा, दुपारी राजूरला किराणा दुकानाचं उद्घाटन, दिवेलागणीला पाटलांच्या नातवाचं बारसं. झेंड्याचं समजू शकतो. पण बारशाला फौजी कशाला? वर्दी कुठं घालावी, कुठं घालू नये, याचे नियम पलटणीत पाठ करून घेतले होते. पाळण्यापाशी घालावी असं त्यात कुठंही नव्हतं. पण निरोप येतो तोच असा — "हवालदारांना म्हणावं, वर्दी घालूनच या." नुसतं "या" कोणी म्हणत नाही.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. पलटणीत असतानाही एवढ्या वेळा इस्त्री केली नसेल.

बारशात बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. फोटोपुरतं. त्याला छातीवरची पदकं टोचली, ते रडलं, लगेच उचलून नेलं. मग मला जेवायला वेगळं बसवलं — ओसरीवर, टेबलखुर्चीवर. आत पंगतीत हशा चालला होता. कशावरून हसत होते ते ओसरीवर ऐकू आलं नाही.

३० जानेवारी

आज कोणाशी बोलणं झालं नाही. बैलाशी झालं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सर्जेराव आला होता. माझा धाकटा भाऊ. मंठ्याचं कापडदुकान सोडून तो सहसा हलत नाही, म्हणून आधी वाटलं, काही वाईट बातमी असणार. तर पेढे काढले. शिवकन्येचं जमलं!

माझी एकुलती एक लेक. नवरा मुलगा घनसावंगीकडचा, मास्तर आहे. वडील बद्रीनाथराव, ऊसवाले, माणूस भला दिसतो म्हणे. बोलणी झाली, सुपारी फुटली, आणि मला पेढा खाताना कळलं. रागावलो नाही. रागवायला हक्क लागतो. माझी बायको गिरिजा गेली तेव्हा पोर चार वर्षांची आणि मी पठाणकोटला. तार माझ्या हातात पडेपर्यंत इथं तेरावं होत आलं होतं. सर्जेराव आणि त्याच्या बायकोनं, उषाबाईंनी, पोर उचलली ती उचललीच. आपल्या मुलांच्या बरोबरीनं वाढवली, मॅट्रिक केली. मी वर्षातून एकदा रजेवर यायचो. सर्जेराव मला दादा म्हणतो, म्हणून तीही दादाच म्हणते. मला दुसरं काही म्हणायला तिला कोणी शिकवलंच नाही.

"खर्चाची फिकीर बिलकुल करू नका दादा," सर्जेराव म्हणाला. "तुम्ही फक्त वर्दी घालून या. बद्रीनाथरावांनी दोनदा विचारलं, पोरीचे वडील मिलिटरीत होते ना? म्हणलं, होते म्हणजे! दोन लढाया करून आल्ते!"

म्हणजे इथंही तेच.

१२ फेब्रुवारी

शिवकन्येचं लग्न. दिवसभर हेच डोक्यात. औत धरताना तास तीनदा वाकडा गेला.

२ मार्च, रविवार

गिरिजाच्या बहिणीच्या मुलाचं लग्न होतं, भोकरदनच्या वाटेवर. मी नवरदेवाचा मावसा. निरोप आला, वर्दी घालून या. गेलो.

आहेर सुरू झाला. एक जण नावं पुकारतो, पुकारलेला माणूस पुढं येऊन पाटावर बसतो, त्याला गंध लावतात, फेटा बांधतात. मामाला बांधला, चुलत्याला बांधला. एका म्हाताऱ्याला फेटा कानाखाली आला, तर त्याच्या मेव्हण्यानं विचारलं, "आत कोण हाये हो?" सगळा मांडव हसला. मग माझं नाव पुकारलं. मी पुढं गेलो. पाटावर बसावं का उभं राहावं ते मलाच कळेना. फेटा बांधणारा माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे बघत राहिला. गंधाचं बोट तसंच वर.

"वर्दीवर आहेर कसा चढवावा साहेब?" तो म्हणाला. "तुमच्या टोपीचा अपमान व्हायचा."

माझ्या हातात नारळ दिला. मी तो घेऊन खुर्चीवर येऊन बसलो. कोणी चेष्टा केली नाही, कोणी "दाजी" म्हणून हाक मारली नाही. गिरिजाच्या माहेरची सगळी माणसं होती ती! पूर्वी, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या रजेत, याच बायकांनी मला करंजीत कापूस घालून खाऊ घातला होता. आता त्याच मला "साहेब" म्हणतात आणि पदर सावरून बाजूला होतात.

३ मार्च

शेजारच्या झुंबरबाईला नारळ देऊन टाकला. म्हातारी माझ्या दोन भाकरी रोज थापते, त्याबद्दल वर्षाची ज्वारी नेते आणि दिवसातून एकदा माझी कानउघाडणी करते. आज तिला आहेराचं सांगितलं.

"मंग काढून ठेवा की ती पेटीत! कोण बळजबरी करून राह्यलंय?" ती म्हणाली.

"लोक वर्दीतच बोलावतात, बाई."

"लोक वर्दीलाच बोलावतेत. तुम्ही तिच्यासंगं जाता."

खरं बोलणाऱ्या बाईच्या हातची भाकरी खावी, पण खाताना तिला बोलू देऊ नये. घास उतरत नाही.

१ एप्रिल

रंगपंचमी. मुद्दाम जुना सदरा घालून सकाळपासून ओट्यावर बसलो. पोरं आली, बादल्या घेऊन आली. माझ्यापाशी येऊन थांबली. एक दुसऱ्याला म्हणालं, "फौजीवर नको रे, गोळी घालतेत!" पळाली. सदरा कोरडा तो कोरडाच राहिला.

एकटं वाटतं. लिहायला लाज वाटते, पण इथं कोण वाचणार आहे!

१३ एप्रिल, रविवार

पाडव्याला मंठ्याला गेलो होतो. दुकानाच्या गुढीला सर्जेरावला वर्दी हवी होती. घातली. जालन्याला गाडी बदलून पोचेपर्यंत घामानं निथळलो.

शिवकन्येनं चहा आणला. केवढी झाली आहे! हनुवटी गिरिजाची. आमचं बोलणं असं झालं —

"आलात?"

"आलो."

"गाडीला गर्दी होती?"

"होती."

एवढंच. कप घेऊन ती आत गेली. मी शंभर माणसांसमोर आवाज चढवून हुकूम देत होतो, आणि स्वतःच्या लेकीपुढं मला एक वाक्य सुचत नाही.

दुपारी धीर करून सर्जेरावकडे विषय काढला. कन्यादानाचा. झुंबरबाईनं सांगून ठेवलं होतं, बायको नसली तर माणूस कमरेला सुपारी लावून बसतो, तुम्ही बसा.

"सुपारी पूजेला चालते, दादा. कन्यादानाला आपल्यात जोडपंच लागतं. गुरुजींना विचारलंय मी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "अन् उषाच्या मनाचा बी विचार करा. पंधरा वर्षं पोरीच्या वेण्या तिनं घातल्या."

बरोबर आहे त्याचं. मी म्हणालो, तुम्ही दोघंच बसा.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही मांडवाच्या दारात उभं राहायचं. वर्दीत! वरात आली की एक कडक सलाम. बद्रीनाथराव खूश होऊन जातील."

दारात! पहारा मी उभ्या आयुष्यात पुष्कळ दिला. लेकीच्या लग्नातही तोच द्यायचा? निघताना उषाबाईंनीही तेच सांगितलं — वर्दी आणाच बरं का, विसरू नका. नवऱ्याचीच री ओढणार, दुसरं काय!

२० एप्रिल

ठरवलं. वर्दी नेणार नाही.

मला बाप म्हणून जायचं आहे. कन्यादान नाही मिळालं तर नाही. पण मांडवात माणसांत उभं राहता येईल, पंगतीत वाढता येईल. कोणी ढकललं तर ढकलून घेता येईल. लेकीच्या बापानं लग्नात काय करायचं असतं? धावपळ. तीच करीन.

जालन्याला जाऊन धोतरजोडी आणि फेटा घेतला. दुकानदारानं विचारलं, "घरात कार्य हाये का?" म्हणालो, "लेकीचं लग्न." तोंडानं म्हणायला फार बरं वाटलं. बाहेर येऊन, काही घ्यायचं नसताना, पुढच्या दुकानात टोपीचा भाव विचारला आणि तिथंही सांगितलं.

१६ मे, शुक्रवार. मंठा.

जे व्हायचं ते झालं. धोतर-फेट्यात मला बघून सर्जेराव आधी हसला. मग पिशवीत डोकावला.

"वर्दी कुठंय दादा?"

"घरी. पेटीत."

"घरी? अन् मंग मी व्याह्यांना काय सांगू?"

"सांग, हाच मुलीचा बाप."

तो चिडला. फार चिडला. मी समजू शकतो, त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं. पाहुण्यांपुढं त्याची मान खाली जाणार होती. आता माणूस पाठवून वर्दी आणता येत नाही, माझं गाव दुसऱ्या टोकाला, आणि कुलपाची किल्ली माझ्या कमरेला. मी दिली नाही.

"पोरीच्या लग्नात हट्ट सुचून राह्यला तुम्हाला!" असं म्हणून तो बाहेर गेला. परत आला तेव्हा शांत होता. म्हणाला, "मी सांगून टाकतो की तुमची तब्येत बिघडली, जालन्याला दवाखान्यात हायेत, येऊ शकत न्हाईत. त्यांनी तुम्हाला पाहिलेलं न्हाई. तुम्ही मांडवात राहा, काम करा, पण मुलीचे वडील म्हणून पुढं येऊ नका. एवढं माझं ऐका, दादा. हात जोडतो."

पंधरा वर्षं ज्यानं माझी पोर सांभाळली, तो हात जोडून उभा. मी हो म्हणालो. उषाबाईंना फक्त एवढं सांगितलं की शिवकन्येच्या कानावर घाला, मी आहे म्हणून. त्यांनी मान डोलावली.

१७ मे

मला हळद लागली!

मागच्या अंगणात मी पाण्याचे रांजण भरत होतो. बायकांची हळद चालली होती. उरलेली उष्टी हळद घेऊन त्या जो दिसेल त्याच्यावर धावत सुटल्या. एका अनोळखी पोरीनं मला गाठलं — दोन्ही गाल, नाक, फेटा, सगळं पिवळं! "ह्या बाबाला सोडू नका गं!" असं ओरडत आणखी तिघी आल्या. आचाऱ्याचा माणूस समजल्या असतील. मी पळालो सुद्धा. चुलाणाभोवती दोन फेऱ्या पळालो. सगळे हसत होते आणि मी त्या हसण्याच्या मधोमध होतो.

तोंड अजून धुतलेलं नाही.

१९ मे, सोमवार

काल लिहायला वेळ झाला नाही. लग्न झालं.

सगळं लिहून ठेवतो. सकाळी वरात आली, ट्रकनं आणि एका गाडीनं. मी मांडवाच्या मेढीपाशी उभा होतो. बद्रीनाथराव खरंच भले गृहस्थ. खाली उतरताच सर्जेरावला विचारलं, "मुलीच्या वडलांची तब्येत कशी हाये?" सर्जेराव म्हणाला, "हाये तशीच." व्याही हळहळले. म्हणाले, "त्यांच्या हातून लग्न व्हायला पाहिजे होतं." मी तिथंच, त्यांची ट्रंक खांद्यावर घेऊन उभा. ट्रंक आत नेऊन ठेवली.

कन्यादानाच्या वेळी मागं उभा राहिलो. सर्जेराव आणि उषाबाई बसले होते. वाईट वाटेल असं धरून चाललो होतो, पण तसं वाटलं नाही. गिरिजा असती तर तिनंही हेच म्हटलं असतं, की हा मान त्यांचाच.

अक्षता टाकताना मात्र पुढं घुसलो. कोणाचा तरी कोपर बरगडीत बसला. एक म्हातारा म्हणाला, "जरा सरका की, तुमच्याच घरचं लगीन हाये का?" मी म्हणालो, "घरचंच हाये!" आणि सरकलो नाही. शिवकन्या माझ्यापासून चार हातांवर होती. मुंडावळ्या, मान खाली. माझ्या अक्षता तिच्या डोक्यावर पडल्या. नीट नेम धरला होता.

मग पंगती. मी पाणी घेतलं. अनवाणी, धोतर खोचून, बादली आणि तांब्या. उन्हाळ्यात पाणी वाढणाऱ्याला दम खाता येत नाही. "पाणी! ओ पाणी!" चहूकडून हाका. एकानं हात धरून ओढलं, एकानं शिवी दिली, तीही घेतली. कोणी साहेब म्हणालं नाही. घशाला कोरड पडली, पाय भाजले, पण किती वर्षांत असा दिवस गेला नव्हता!

शेवटी नवरा-नवरीची पंगत. रांगोळी, उदबत्त्या, बाजूला बद्रीनाथराव. नाव घेणं चाललं होतं. मी पाणी घेऊन रांगेनं आलो. व्याह्यांना वाढलं, जावयाला वाढलं, मग तिच्यापाशी वाकलो. पेल्यात पाणी घातलं. हाताला मेंदी, हिरवा चुडा. पेला भरत आला तसा तिनं वर तळहात आडवा धरला. पुरे म्हणून. मान वर केली नाही. नवरीनं करूही नये, चारचौघांत. पण मला वाटतं तिला कळलं. उषाबाईंनी कानात सांगितलंच असेल, आणि शेजारी सासरा बसलेला, म्हणून मुकाट्यानं हात धरला. लेकीला बापाचा हात ओळखू येत नाही असं होईल का?

पाठवणीला मी ट्रकच्या पलीकडे उभा होतो. दिलेला शब्द पाळला. ती उषाबाईंच्या गळ्यात पडून रडली, मग सर्जेरावच्या. चढताना खाली बघत बघत कितीतरी वेळ थांबली. पायरी सापडत नसेल. मग गाडी गेली.

सर्जेराव संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसला. त्यानंच माझा फेटा सोडून पुन्हा बांधून दिला. आहेरातला नवा होता.

२१ मे

घरी आलो. झुंबरबाईला सगळं सांगितलं. तिनं फेटा हातात घेऊन बघितला, म्हणाली, "कापड बरंय." तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

पेटीतली वर्दी काढून उन्हात टाकली आणि परत घडी घालून ठेवली. आता ठेवूनच द्यावी म्हणतो. टेंभुर्णीच्या एका लग्नाचा निरोप होता, "वर्दीत या." नाही म्हणून सांगितलं. साधा येतो म्हणालो. माणूस विचारात पडला.

मन शांत आहे. फार दिवसांनी.

२५ मे, रविवार

राजूरहून निरोप — बुधवारी नवीन जोडपं गणपतीच्या दर्शनाला येतंय, तिथून माझ्याकडे! सासरच्यांनीच सुचवलं म्हणे, मुलीच्या वडलांची तब्येत बघून या.

घर शेणानं सारवून घेतलं. झुंबरबाई पुरण घालणार. तिच्याकडून एक चांगली चादर आणली. जावयाशी शेतीवर बोलता येईल. शिवकन्येशी काय बोलू? या वेळी सुचेल. आता आमच्यात बोलण्यासारखं काहीतरी आहे — पेला, पाणी, व्याह्यांच्या शेजारी तिनं धरलेला तो हात. ती हसेल. म्हणेल, दादा, तुम्ही बी कमाल केली!

२८ मे, बुधवार

दुपारी आले. जावयानं वाकून नमस्कार केला, "आता तब्येत कशी हाये?" म्हणून विचारलं. मला ओळखलं नाही; पाणी वाढणाऱ्याचं तोंड कोण बघतं? बरी आहे म्हणालो. तो विहिरीवर हातपाय धुवायला गेला तेव्हा शिवकन्या चुलीपाशी उभी राहून बोलली. खाली बघूनच.

"वर्दीचं मीच काकूला सांगितलं होतं, दादा. नवरीला मान वर करता येत न्हाई. म्हणलं, तुम्ही वर्दीत आलात तं मला बूट तरी दिसतील. मांडवात सगळ्यांचे पाय बघितले. पंगतीत बघितले. काका म्हणले तुम्ही दवाखान्यात. काकूला विचारलं तं ती नुसती रडली. मला खरंच वाटंना. गाडीत चढेपर्यंत बघत राह्यले."

मी म्हणालो, "मी होतो गं. तुझ्या पेल्यात पाणी मीच घातलं."

तिनं मान वर केली. माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ.

"माझं मन राखायला काही बी सांगू नका, दादा," ती म्हणाली.